अंकोलेची शिंगं पोसायची की होल्स्टीनची कास?

गोठेकर:
युगांडाच्या अंकोले गायी फोटोत बघितल्या असतील, हातभराहून लांब शिंगं. दूध मात्र दिवसाला २-३ लिटरच्या आसपास. होल्स्टीनशी (भरपूर दूध देणारी युरोपातली गाय) संकर केला की दूध कितीतरी वाढतं. तरी "देशी वाण वाचवा" म्हणून गळे काढणारे आहेतच. शिंगं बघायला पर्यटक येतो, पोरांची फी भरायला नाही येत. माझं मत स्पष्ट आहे, संकर करा आणि मोकळे व्हा.

खिल्लारवेडा:
कासेचं माप सगळीकडे लावू नका हो. युगांडातच दुष्काळात ज्यांनी अंकोले ठेवल्या होत्या त्यांनी त्या चालवत लांबच्या पाण्यावर नेल्या. अंकोले देऊन परदेशी गायी घेतलेल्यांचे कळपच्या कळप गेले. पश्चिम आफ्रिकेतली एन्दामा बघा. वशिंड नाही, अंगाने लहान, दूध जेमतेम. पण त्सेत्से माशीच्या पट्ट्यात, जिथे बाहेरची गुरं ट्रिपॅनोसोमाने (ही माशी चावून पसरवते तो रक्तातला परजीवी, रोग आपल्या सर्राच्या जातकुळीतला) झिजून मरतात, तिथे ती औषधाविना तग धरते. ही ताकद किती लिटरला विकायची?

पाणकळा:
एक शंका. वशिंड असलेल्या आफ्रिकी गायी म्हणजे आपल्याच ना? इथूनच गेलेल्या.

खिल्लारवेडा:
अर्धं बरोबर, बापाकडून. २०२० मध्ये १६ जातींच्या १७२ गुरांची जनुकं वाचली गेली. साधारण हजार वर्षांपूर्वी वशिंडवाल्या आणि बिनवशिंडाच्या गुरांचा मोठा संकर झाला, असं त्यातून दिसलं. आईकडून येणारा वारसा जवळजवळ सगळा बिनवशिंडाच्या, तिथल्याच गायींचा. म्हणजे पसरले मुख्यतः वळू. पुढे १८८७ पासूनच्या बुळकांडीने (गुरांचा जीवघेणा साथरोग) खंडातली गुरं उभी कापली, तेव्हा वशिंडवाल्यांचा पसारा आणखी वाढला असं अभ्यासक मानतात. त्यामुळे "आमचीच गाय" म्हणून छाती फुगवण्यात फारसा अर्थ नाही.

गोठेकर:
म्हणजे संकर तिथे हजार वर्षं चालूच आहे! मग होल्स्टीननेच काय घोडं मारलंय?

खिल्लारवेडा:
तेव्हाच्या संकराची पारख ऊन, माशी आणि गोचीड करत होते, न टिकणारं मरत होतं. आता पारख दूध संकलन केंद्रावर होते. चाड सरोवराकाठची कुरी घ्या. फुग्यासारखी जाड, आतून पोकळ शिंगं, पट्टीची पोहणारी, बेटाबेटांवर चरणारी. सरोवर आटलं, वशिंडवाल्यांशी संकर वाढला, शुद्ध कुरी कमी होत चालली. ती परत कुठल्या रेतकांडीत (कृत्रिम रेतनाच्या वीर्यनळीत) मिळणार?

गोठेकर:
कुरीचं पटलं. पण तुमच्या अंकोलेला पाण्यावर चालत जायला वाट राहिलीय कुठे? चराऊ रानं कुंपणांत गेली. कुंपणात बांधलेल्या गायीच्या चालण्याचं कौतुक काय करायचं? आणि जनुकं जपा म्हणणारा कधी पेंडीचं बिल भरतो का?

खिल्लारवेडा:
कुंपणाला माझ्याकडे उत्तर नाही. पण तिथले काही पशुपालक दोन कळप ठेवतात, संकरित वेगळा आणि अंकोले वेगळा. तेवढं तरी होऊ द्या, काही गायी अंकोले वळूकडूनच भरवा. संकरित कालवडींना पुन्हा पुन्हा होल्स्टीनच देत गेलं तर तिसऱ्या पिढीत अंकोलेचा आठवा हिस्सा उरतो.

पाणकळा:
आमच्या गावात डांगीचं, आपल्या देशी जातीचं, हेच झालं. आता वळू शोधायला तीन गावं फिरावी लागतात.