मदत हवी आहे: 1974ची लूना, मूळ रंग न घालवता चालू करायची आहे

50 सीसी, पेडलवाली. बरीच वर्षं बंद. मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज बनवणारं, क्रँकवरचं चाक) हाताने हलत नाही, टाकीत गंज, क्रोमवर ठिपके. रंग आणि स्टिकर मात्र बऱ्यापैकी शाबूत. गॅरेजमध्ये 'ब्लॉक (सिलिंडर) आणि पिस्टन नवा टाका, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला पावडरचा रंग) करा' सांगतात. मूळ भाग किती वाचतील?

प्रतिसाद 1

पावडर कोटिंग अजिबात नको. त्यासाठी आधी सगळा रंग खरवडावा लागतो, आणि तो कारखान्यातला रंग पुन्हा मिळत नाही.

आधी इंजिन. प्लग काढून भोकातून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) निम्मं-निम्मं, 20 मिली ओता. तीन-चार दिवस मुरू द्या, रोज मॅग्नेटो हलकेच मागेपुढे करा. पेडलवर उभं राहून जोर लावू नका. टू-स्ट्रोकची पिस्टनवरची रिंग पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकाच्या) काठात अडकून तुटते आणि चांगला सिलिंडर वाया जातो. ब्लॉक उघडल्यावर बोअरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, नख फिरवा. ओरखड्यात नख अडकलं तरच बोअर करा (आतून कापून मोठा करा), नाहीतर नुसत्या रिंग बदलून भागतं.

क्रँकची दोन्ही ऑइल सील मात्र न विचारता बदला. रबर कडक झालं की तिथून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढतं आणि पिस्टन सीज होतो (जाम होतो). मॅग्नेटो पुलरनेच काढा, हातोडीने क्रँकचे आटे बसतात. आतली प्लेट सोडवण्याआधी प्लेट आणि केसवर मिळून एक रेघ मारा, म्हणजे टायमिंग जागेवर येईल. पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काची) फट 0.40 मिमी.

कार्बुरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) टाचणी घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. वायरमधला तांब्याचा एकच बारीक धागा पुरतो.

प्रतिसाद 2

टाकीसाठी लिंबूसत्त्व, लिटरभर कोमट पाण्यात 60 ग्रॅम. पेट्रोलचा कॉक काढून तिथे बूच मारा, रात्रभर ठेवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि आतून टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) फिरवा. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस पडते. हे पाणी रंगावर सांडू देऊ नका.

क्रोमला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा, पाण्यात बुडवून. पॉलिश पेपर नको.

आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनी रबरी नळी त्यात फुगते. व्हिटॉनची (इंधनाला टिकणाऱ्या रबराची) नळी टाका, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. नव्या रिंगवर लिटरभर पेट्रोलला 40 मिली टू-टी ऑइल.

धागाकर्ता

रंग उडालेल्या जागी काय लावू? आणि कागदपत्रांचं?

प्रतिसाद 3

रंगाच्या दुकानातलं उकळलेलं अळशीचं तेल, फडक्याने अगदी पातळ. कच्चं चिकट राहतं. फडकं चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतं. मोकळ्या हवेत पसरून वाळवा. स्टिकरवर तेल नको, कंपाउंडही (घासायची पॉलिश) नको, नुसतं शाम्पूचं पाणी.

पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना 2021च्या नियमांप्रमाणे 'व्हीए' मालिकेत नोंदणी मिळते. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग, निकामी झालेलासुद्धा, चिठ्ठी लावून ठेवा. या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही.