मदत हवी आहे : भोसरी–चाकण रस्त्यावर कारवाल्यांना बाइक दिसावी म्हणून काय करता येईल?

रात्रपाळी

मंडळी, रोजचा रस्ता पुणे–नाशिक महामार्ग, भोसरी ते चाकण. गाडी १२५ सीसी, २०१६चं मॉडेल, दोन्हीकडे ड्रम ब्रेक, हॅलोजन हेडलाइट. दुसरी पाळी असल्याने जाताना भर दुपार आणि येताना रात्रीचे साडेअकरा. त्रास तीन ठिकाणी होतो. समोरून येणारी कार दुभाजकाच्या फटीतून उजवीकडे वळते, पुढची कार इंडिकेटर न देता डावीकडे कट मारते आणि सर्व्हिस रोडवरची गाडी थेट मुख्य रस्त्यावर घुसते. जादा एलईडी दिवे लावायचा विचार आहे. बजेट दोन-अडीच हजार. दिवे घ्यावेत, जॅकेट घ्यावं की आणखी काही? रेनकोट काळा आहे, तेही लक्षात घ्या.

तिसरा आरसा

दिवे नंतर. आधी रस्त्यावर गाडी कुठे धरता ते बघा, त्याला पैसे लागत नाहीत आणि फरक सगळ्यात मोठा पडतो.

फटीत थांबलेला कारवाला ट्रक, बस आणि कार शोधत असतो. सरळ त्याच्याच दिशेने येणारी बाइक त्याच्या नजरेत बाजूला सरकत नाही, फक्त सावकाश मोठी होते, त्यामुळे ती आहे तिथेच असल्यासारखी वाटते. शिवाय लहान वस्तू डोळ्याला लांबची वाटते, म्हणून "वेळ आहे" असं धरून तो वळतो. मान फिरवताना नजरही सलग सरकत नाही, उड्या मारते, आणि त्या उडीच्या क्षणी डोळा काहीच टिपत नाही. "बघितलं होतं, पण तुम्ही दिसलाच नाहीत" हे बरेचदा खरं असतं ते यामुळे.

उपाय असा. फटीच्या ७०-८० मीटर आधी आरसा बघा आणि आपल्याच लेनमध्ये मीटरभर आडवे सरका. झटका नको, सावकाश. आडवी हालचाल नजर लगेच पकडते. थ्रॉटल सोडा, बोटं ब्रेकवर ठेवा. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघून खात्री धरू नका, त्याच्या पुढच्या चाकावर लक्ष ठेवा. गाडी हलायची असेल तर आधी तेच फिरतं. आणि ट्रकला चिकटून फट कधीही ओलांडू नका. ट्रक गेला की रस्ता मोकळा झाला असं समजूनच तो पाय दाबतो, आणि तेव्हा तिथे तुम्ही असता.

सर्व्हिस रोडवाल्याचं कारण वेगळं. तुम्ही त्याच्या उजवीकडून येता आणि काचेच्या उजव्या बाजूचा खांब त्याच्या डोळ्याच्या अगदी जवळ असतो. २०-३० मीटरवरची अख्खी बाइक त्या खांबाआड जाते. त्याचं डोकं खांबाआड दिसलं तर तुम्हीही त्याला दिसत नाही. अशा वेळी डावी कड सोडून लेनच्या मध्याच्या उजवीकडे राहा. तुम्ही खांबाच्या बाहेर येता आणि तो घुसलाच तर हातात जागा उरते.

कट मारणाऱ्यांबद्दल: कारच्या मागच्या डाव्या दाराशेजारी रेंगाळू नका. एकतर पूर्ण मागे राहा किंवा पटकन पुढे निघा. डावा आरसा बहिर्वक्र असतो, त्यात तुम्ही आहात त्यापेक्षा लांब दिसता. रस्त्याकडेला हात केलेला प्रवासी दिसला आणि पुढे रिक्षा असेल, तर ती डावीकडे येणार हे धरूनच चाला.

वेगाचा हिशेबही मांडून ठेवतो. ६० वर सेकंदाला जवळपास १७ मीटर जातात. दीड सेकंद प्रतिक्रियेचा धरला तर ब्रेक लागायच्या आतच २५ मीटर संपले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २३ लागतात. ४५ वर हीच बेरीज ३२च्या आसपास येते. फटी आणि चौकांच्या पट्ट्यात तरी ४५ धरा.

वायरिंगवाला

वरच्याशी पूर्ण सहमत. आता दिव्यांचं.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सक्ती झाली. तुमची गाडी त्याआधीची, म्हणजे तुम्हाला बटण आहे. दिवसाही लो बीम चालू ठेवा. ऑकलंडमधला २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे: दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांचा जखमी होण्याचा धोका २७ टक्के कमी, चमकदार किंवा परावर्तक कपडे घालणाऱ्यांचा ३७ टक्के कमी, आणि काळ्याऐवजी पांढरं हेल्मेट असेल तर २४ टक्के कमी. पांढऱ्या हेल्मेटला काळ्याइतकेच पैसे पडतात, फक्त आयएसआयचा शिक्का बघून घ्या.

एलईडी बल्बचा मोह टाळा. त्या काळातल्या बऱ्याच कम्यूटर गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनावर वीज तयार करणाऱ्या कॉइलवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन मंदावलं की उजेड कमी होतो. अशा वायरिंगवर साधा एलईडी बल्ब लुकलुकतो, आणि हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमधून त्याचा उजेड वाटेल तिकडे फेकला जातो. ३५ वॅटच्या जागी ६० वॅटचा बल्बही नको, होल्डर वितळतो. काच आतून धुरकट झाली असेल तर हेडलाइट असेंब्ली बदला आणि बीम सेट करा: तुम्ही सीटवर बसलेले, भिंत ५ मीटरवर, लो बीमची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा ५ सेंटीमीटर खाली. मागे माणूस बसला की बीम वर उचलला जातो, तेव्हा पुन्हा बघा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मागचा ब्रेक लाइट. उजव्या फूटरेस्टच्या आत ब्रेक पॅडलला बारीक स्प्रिंगने जोडलेला स्विच असतो. चिखलाने तो अडकतो आणि स्प्रिंग ताणून सैल होते. मग पॅडल खूप खाली गेल्यावरच दिवा लागतो, आणि मागचा कारवाला तोवर तुमच्या नंबरप्लेटपाशी पोचलेला असतो. रात्री भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, चावी फिरवा आणि पॅडल हाताने दाबा. ब्रेक धरायच्या आधीच भिंत लाल झाली पाहिजे. होत नसेल तर स्विचचं अंग घट्ट धरून त्यावरचा प्लॅस्टिकचा नट फिरवा, म्हणजे स्विच वर सरकेल. अंग फिरू देऊ नका, खालच्या वायरी पिळून तुटतात. पुढच्या लिव्हरचा स्विच वेगळा तपासा. शिवाय नुसता थ्रॉटल सोडून किंवा गिअर उतरवून वेग कमी केला तर मागे दिवा लागतच नाही. तेव्हा पॅडल दोनदा हलकं टेकवा.

घाटवाट

अप्पर-डिपरबद्दल एक इशारा. आपल्याकडे कारवाला डिपर मारतो तो "मी येतोय, थांब" म्हणून. काहीजण त्याचाच अर्थ "जा तू" असा घेतात. फटीत उभ्या गाडीला लांबून डिपर मारून उलटाच घोटाळा होऊ शकतो. फार तर एकदाच मारा आणि वेग कमी केलेलाच ठेवा.

रात्रपाळी

खूप आभार. ब्रेक लाइट आजच बघतो. दोन शंका राहिल्या: पावसात रेडियम पट्टी कुठे लावू? आणि चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनर डावीकडे वळतात, तिथे कुठे थांबायचं?

वायरिंगवाला

निऑन रंग आणि रेडियम यांत गल्लत करू नका. निऑन पिवळा-हिरवा किंवा केशरी दिवसा उठून दिसतो, ढगाळ दुपारी तर जास्तच; रात्री तो साध्या फिक्या कापडासारखा होतो. रेडियम फक्त हेडलाइट अंगावर पडला की चमकतं. तुम्हाला दोन्ही लागतं, म्हणून काळ्या रेनकोटवरून घालायचं, पट्ट्या शिवलेलं निऑन जॅकेट घ्या. सॅक पाठीवर असेल तर जॅकेट झाकलं जातं, मग सॅकवरही पट्टी हवी. गाडीवर ५० मिलिमीटर रुंद पट्टी: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. मागे एकाच जागी चिकटवू नका. दोन तुकडे जमतील तितके लांब लांब लावा, कारण एकट्या लाल ठिपक्यावरून मागच्याला अंतर कळत नाही. जागा स्पिरिटने पुसा आणि दिवसभर गाडी धुऊ नका. हेल्मेटला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, प्लॅस्टिकचं शेल त्याने कमकुवत होतं.

तिसरा आरसा

लांब कंटेनर डावीकडे वळण्याआधी उजवीकडे बाहेर जातो आणि डावीकडे मोकळी जागा दिसते. तो सापळा आहे. केबिन वळली की मागची चाकं आतून, कडेला घासून येतात आणि ती जागा बंद होते. ड्रायव्हर उजवीकडे बसलेला असल्याने डाव्या खिडकीखालची बाइक त्याला दिसतच नाही. सिग्नलला कंटेनरच्या डावीकडून पुढे जाऊ नका, त्याच्या मागे थांबा, आणि एवढं मागे की त्याचे दोन्ही आरसे तुम्हाला दिसतील. मागून येणाऱ्यांसाठी तिथे थांबलेले असताना पाय ब्रेक पॅडलवर राहू द्या, आणि एखादी गाडी तुमच्या मागे येऊन थांबेपर्यंत गिअर काढू नका.