डी. वाय. पाटीलवरची एक बॅटिंग, एक बोलिंग: तुमची निवड कुठली?

वर्तकनगर_एंड
नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर आजवर झालेल्या सामन्यांतून एकच बॅटिंग आणि एकच बोलिंग निवडायची आहे. आयपीएल, टेस्ट, वनडे, पुरुष, महिला, काहीही चालेल. बॅटिंगला माझ्याकडून जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ पक्क्या (२०२५ च्या महिला वर्ल्ड कपची ऑस्ट्रेलियाविरुद्धची सेमी). बोलिंगला गाडी अडलीये: दीप्ती शर्माचे ७ धावांत ५ (डिसेंबर २०२३, इंग्लंडविरुद्धची टेस्ट) की ३९ धावांत ५ (२ नोव्हेंबर २०२५, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची वर्ल्ड कप फायनल)? नुसतं 'भारी होती' नको, कारणं लिहा.

आखूड_टप्पा
३९ धावांत ५. डोळे झाकून.
टेस्टमधलं ५.३-४-७-५ (षटकं, निर्धाव, धावा, विकेट) हे पृथक्करण भिंतीवर लावण्यासारखं आहे, मान्य. पण भारताच्या ४२८ झाल्या होत्या, त्यातल्या ४१० पहिल्याच दिवशी. पाठीशी एवढं भांडवल असलं की ऑफस्पिनरला स्लिप, सिली पॉइंट, शॉर्ट लेग असे बॅटरजवळचे फील्डर सगळे मिळतात आणि चौकार बसला तरी कॅप्टन फील्ड पांगवत नाही. बॅटरने पुढे येऊन खेळावं तर बॅट-पॅडला लागून जवळच झेल जायची भीती, मागे राहावं तर पायचीत.
फायनलला यातलं काहीच नव्हतं. लक्ष्य २९९, आफ्रिकेची कॅप्टन वोल्वार्ड जमून उभी, डर्कसनबरोबर ६१ ची भागीदारी झालेली. दीप्तीने डर्कसनचा त्रिफळा उडवला, मग ४२ व्या षटकात वोल्वार्ड आणि ट्रायॉन दोघींना काढलं. ६ बाद २२० वरून ८ बाद २२१. वोल्वार्डचा झेल अमनजोतच्या हातातून निसटत निसटत शेवटी राहिला, तो सुटता तर आज हा धागा वेगळा असता. आणि बॅटिंगमध्येही दीप्तीबाईंनी ५८ चेंडूंत ५८ केल्या होत्या.

ऑफ_कटर
थांबा राव, डोळे उघडा. वोल्वार्ड बाद झाली तेव्हा आफ्रिकेला साधारण ५३ चेंडूंत ७९ हव्या होत्या. षटकामागे नऊ. तो फटका तिला मारावाच लागणार होता. वनडेत अर्धी विकेट धावफलक काढतो. टेस्टमध्ये इंग्लंडला कसलीच घाई नव्हती, तरी १३६ त सगळ्या गारद. तिथे मारायची सक्ती नसलेल्या बॅटरला चुकवायचं असतं, ते जास्त अवघड. दुसऱ्या डावातले ३२ धावांत ४ धरले तर सामन्यात ३९ धावांत ९, वर बॅटने ६७. भारत ३४७ धावांनी जिंकला.
एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूचा, तुम्हीच विसरलात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात संध्याकाळनंतर इकडे दव पडू शकतं. चेंडू ओला झाला की शिवण बोटाला लागत नाही, मग ऑफस्पिनर तो घट्ट आवळतो आणि तिथेच चुकतो: मनगट अडकतं, चेंडू ना फिरतो ना टप्प्यावर पडतो. आखूड पडला की पुलला आयतं खाद्य. अशा वेळी फिरकीचा हट्ट सोडून थोडा वेग वाढवून स्टंपात टाकायचा, टप्पा पुढे ठेवायचा, दर चेंडूआधी तो कोरडा पुसायचा. दीप्ती मुळातच उंची कमी देते, म्हणून प्रकाशझोतात ती इतर ऑफस्पिनरपेक्षा कमी महाग पडते. तरीही माझं मत ७ धावांत ५ लाच.

पारसिक_बोगदा
दोघेही फायनलमधल्या शफालीला विसरलात. ३ बाद ११४ आणि ४ बाद १२३, लुस आणि काप, दोन्ही तिच्याच. पार्ट-टाइम बोलिंग! ८७ धावा आणि ३६ धावांत २, सामनावीर उगाच नाही. दीप्तीच्या पाचही विकेट त्यानंतरच्या.
आता बॅटिंगकडे. जेमिमाच्या खेळीत १४ चौकार, षटकार एकही नाही. म्हणजे १२७ पैकी ७१ पळून. समोर ३३९ चं लक्ष्य असताना! हे जमलं कारण हरमनप्रीत (८९) बरोबर १६७ ची भागीदारी झाली, आणि ती गेल्यावर दुसऱ्या टोकाने दीप्ती २४ (१७), रिचा २६ (१६), अमनजोत १५ (८). बेरीज करा, ४१ चेंडूंत ६५. जोखीम त्यांनी उचलली, टोक जेमिमाने सांभाळलं. अशा पाठलागात जमलेल्या बॅटरने षटकार शोधायला सुरुवात केली की बहुतेक वेळा सामना तिथेच फसतो. ८२ आणि १०६ वर तिचे झेल सुटले, हेही नोंदवून ठेवा, नाहीतर ऑस्ट्रेलियावाले येतील भांडायला.

कल्याण_फास्ट
मैदानाबाहेर जायची मुभा असती तर ठाणे जिल्ह्यातली सर्वात मोठी खेळी आमच्या कल्याणची. जानेवारी २०१६, शालेय सामन्यात प्रणव धनावडे, नाबाद १००९. संघाच्या ३ बाद १४६५.

पारसिक_बोगदा
@कल्याण_फास्ट विक्रम तो विक्रमच. पण १२९ चौकार आणि ५९ षटकार म्हणजे ८७० धावा सीमारेषेपलीकडून, आणि समोरचा संघ दोन डावांत ३१ आणि ५२. पोराची दमछाक आणि एकाग्रता यांना सलाम, तुलना मात्र नको.

आखूड_टप्पा
आयपीएलचं कुणीच नाव घेतलं नाही म्हणून: १ जून २००८, पहिली फायनल. युसुफ पठाण २२ धावांत ३ आणि ३९ चेंडूंत ५६. राजस्थान शेवटच्या चेंडूवर जिंकलं. एकाच खेळाडूला दोन्ही रकाने द्यायचे तर हाच.

वर्तकनगर_एंड
बॅटिंग: जेमिमा. बोलिंग: ३९ धावांत ५, पण ऑफ_कटर यांचा ५३ चेंडूंत ७९ वाला हिशेब अजून टोचतोय. आता नवीनच घोळ झालाय. वोल्वार्डच्या १०१ या हरलेल्या बाजूच्या आहेत म्हणून यादीत येतच नाहीयेत. सेमीत १६९ (ती मात्र गुवाहाटीला), फायनलला १०१. बॅटिंगमध्ये दुसऱ्या नंबरला तिला घ्यायचं की शफालीला?