एआयला माया लावायला शिकवणं: कायदा नक्की कुठे आडवा येतो?

सांजवेळ:
एका सोबती-ॲपसाठी (मित्रासारख्या गप्पा मारणाऱ्या एआयसाठी) मी उत्तरांना गुण देते. मॉडेलची दोन उत्तरं समोर येतात, त्यातलं जास्त आपुलकीचं निवडायचं. त्या निवडींवर मॉडेल पुढे घडत जातं. आता नवी सूचना आलीय: वापरणारी "चल, झोपते आता" म्हणाली की तिला थांबवून धरणाऱ्या उत्तराला वरचे गुण द्या. म्हणजे "इतक्यात निघालीस? मी एकटा पडेन ना" याला पैकीच्या पैकी! माझा हात धजत नाही. "झोप शांत, उद्या बोलू" हे उत्तर मला कितीतरी शहाणं वाटतं, पण ते खाली ढकलायचंय. असं शिकवण्यावरच कायद्याचं बंधन आहे का? की ॲप लोकांच्या हातात गेल्यावर जे होईल तेवढंच बघतात?

कलमकसाई:
शिकवण्यावर जवळपास काही नाही, जे आहे ते ॲप चालवणाऱ्यावर. कॅलिफोर्नियाचा सोबती-चॅटबॉट्सवरचा कायदा, एसबी २४३ (१ जानेवारी २०२६ पासून लागू) घ्या. समोर माणूस असल्याचा गैरसमज होण्यासारखा असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. वापरणारा अल्पवयीन असल्याचं माहीत असेल तर दर ३ तासांनी आठवण द्यायची. आत्महत्येचा विषय निघाला तर मदतीकडे वळवायचं. मूळ मसुद्यात अनियमित बक्षिसांनी (कधी मिळतील, कधी नाही, अशा) गुंतवून ठेवण्याला आळा घालणारं कलम होतं, ते गाळलं. तुमच्या "एकटा पडेन"ला पकडू शकलं असतं असं वाटायला लावणारं तेवढंच होतं.

युरोपीय एआय कायद्याचं ५ वं कलम जास्त कडक आहे. वय, अपंगत्व किंवा सामाजिक-आर्थिक परिस्थितीमुळे आलेल्या दुबळेपणाचा फायदा घेऊन कुणाचं वागणं वळवायचं आणि त्यातून मोठी हानी व्हायची, यावर २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. दंड ३.५ कोटी युरोपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्क्यांपर्यंत. पण बंदी बाजारात आणण्यावर आणि वापरावर. गुण देणाऱ्याच्या टेबलापर्यंत ती येत नाही.

तिरपागडा:
अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या सिनेटमधलं १४९३ क्रमांकाचं विधेयक विसरलात. मूळ मसुद्यात मोकळ्या गप्पांमधून भावनिक आधार द्यायला एआयला जाणूनबुजून शिकवणं हाच 'अ' वर्गाचा गुन्हा धरलाय. त्या राज्यात खुनाचा एक प्रकार याच वर्गात मोडतो!

सांजवेळ:
मग "झोप शांत, उद्या बोलू" शिकवणारीही आत? एकीकडे काहीच नाही, दुसरीकडे सरसकट तुरुंग. धीर देणं वेगळं आणि पाय अडकवणं वेगळं, हे कुणी लिहूनच ठेवत नाही का?

कलमकसाई:
म्हणून ते विधेयक मला पटत नाही. त्यापेक्षा इटलीचा रस्ता बघा. तिथल्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये रेप्लिका या सोबती-ॲपला इटलीतल्या लोकांची माहिती वापरण्यापासून रोखलं, २०२५ मध्ये ५० लाख युरोंचा दंड केला, आणि मॉडेलच्या प्रशिक्षणाची वेगळी चौकशीही सुरू केली. मुख्यत्वे विचारलं ते कुणाची माहिती कोणत्या हक्काने वापरली आणि वापरणाऱ्यांचं वय तपासलं का, हे. प्रशिक्षणाच्या खोलीत शिरायला सध्या हेच दार जास्त उघडं दिसतं.

सांजवेळ:
या गप्पा खऱ्या वापरणाऱ्यांच्याच असतात, नावं तेवढी काढलेली. त्यांना विचारलं होतं का, हे आजच लेखी विचारते. आणि कारणाच्या रकान्यात "निरोप घेऊ देत नाही" असं लिहून कमी गुण देणार.

तिरपागडा:
लिहा. पण आधी करारातलं गोपनीयतेचं कलम वाचा. त्या गप्पा इथे मात्र चिकटवू नका.