अंगठ्याचं नख मांसात रुतलंय, घरी निभेल का?

सेफ्टीशूज: चाकणला कंपनीत आहे, आठ तास लोखंडी टोपीचे बूट. उजव्या अंगठ्याचं नख कडेनं आत घुसलंय. रात्री चादर लागली तरी कळ येते. बायको म्हणते हळद भर, मित्र म्हणतो कोपरा कापून टाक. काय करू?

दोनदा_भोगलेला: कोपरा कापू नकोस बाबा! मी नेलकटरनं खोल कापला, आत बारीक कूस राहिली, तीच पुढं वाढत मांसात गेली. नख नेहमी सरळ कापायचं. दुखणं नुसतंच असेल तर कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं पाय बुडव, नीट कोरडा कर आणि कडेखाली कापसाची बारीक वात सरकव. वात रोज बदलायची. घरी असशील तेव्हा चप्पलच.

माझ्या अंगठ्यात मात्र पू झाला, कडेला लाल मांस वर आलं. मग सर्जनकडे गेलो. अंगठ्याच्या बुडाशी दोन इंजेक्शनं, खरा त्रास तेवढाच. नखाची फक्त कडेची पट्टी काढली आणि मुळाशी फिनॉल (नखाचं मूळ जाळणारं रसायन) लावलं, म्हणजे ती कड सहसा पुन्हा येत नाही. पंधराएक दिवस पाणी गळत होतं, ड्रेसिंग चालू.

साखरवाले_काका: मधुमेह असेल तर घरचे प्रयोग नकोत, थेट डॉक्टर.

सेफ्टीशूज: साखर नाही, पण कालपासून पू दिसतोय. उद्या सुट्टी टाकतो. हळद राहिली.