सोसायटी ग्रुप : रविवारचं प्रदर्शन

पाटील काकू (बी-२०३): सुप्रभात. कोणाचं नाव घेत नाही, पण रविवारी फोटोंच्या प्रदर्शनात त्या गार्डने सगळ्यांदेखत "मॅडम, फ्लॅश बंद करा" म्हणून मला सुनावलं. फ्लॅश माझा नव्हताच. ज्यांचा होता त्यांनी तेव्हाच तोंड उघडायचं होतं.

सेक्रेटरी: बसचे माणशी २२० रुपये. ७ जण बाकी आहेत. आज संध्याकाळपर्यंत द्यावेत 🙏

कोल्हे वहिनी: नाव नाही घेतलं तरी कळतं काकू. माझ्या मोबाईलचा फ्लॅश आपोआप लागतो.

निखिल (सी-१०१): चार वेळा आपोआप 😄

कोल्हे वहिनी: निखिल, तुझी गाडी आधी आमच्या पार्किंगमधून काढ, मग बोल.

महाजन सर: पण एवढं होतं काय त्या फोटोंत? काळे-पांढरे डोंगर. सातपुडा मी माझ्या गच्चीवरून रंगीत बघतो. आणि हॉलमध्ये अंधार, मला वाटलं लाईट गेली.

चौधरी अप्पा: लाईट गेली नव्हती सर. कागदावरच्या जुन्या कामाला साधारण ५० लक्स एवढाच उजेड ठेवतात. प्रकाशाने झालेली झीज भरून येत नाही. एका फ्लॅशने आभाळ कोसळत नाही हे खरं, पण येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो.

पाटील काकू: बघा! अप्पांनीच सांगितलं.

आबा (ए-१): आमले तं भरीतच आवडनं भो.

सेक्रेटरी: बसचे २२० रुपये. ६ जण बाकी 🙏

चौधरी अप्पा: सर, तुम्ही दहा मिनिटांत बाहेर आलात. पारोळ्याला चहाला आपण पाऊण तास थांबलो होतो.

महाजन सर: भरीत गार होत होतं अप्पा. राग मानू नका.

चौधरी अप्पा: राग नाही. चाळीस वर्षं डार्करूममध्ये गेली, म्हणून बोलतोय. तो तोरणमाळच्या तलावाचा प्रिंट आठवतो? पलीकडच्या काठावरचं धुकं. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्राखाली, तेवढ्याच भागावर हात धरून प्रकाश अडवला, म्हणून ते पांढरं राहिलं. वरच्या ढगांना जास्त वेळ दिलाय. हे मोबाईलवर काढलेल्या फोटोच्या फोटोत दिसत नाही, जवळ जाऊन बघावं लागतं.

निखिल: म्हणजे तेव्हाचं फिल्टरच ना अप्पा?

चौधरी अप्पा: तसंच म्हण. अमेरिकेतला फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. १९४१ साली न्यू मेक्सिकोत रस्त्याने जाताना एक गाव दिसलं, स्मशानातल्या क्रुसांवर शेवटचं ऊन आणि वर चंद्र. उजेड मोजायचा मीटर सापडेना. चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, त्यावरून हिशेब केला. दुसऱ्या फोटोची तयारी करेपर्यंत ऊन गेलं. त्या एका निगेटिव्हवरून त्याने आयुष्यात हजारावर प्रिंट काढले आणि पुढच्या पुढच्या प्रिंटांत आकाश काळं करत नेलं.

कोल्हे वहिनी: छान माहिती अप्पा 🙏 काकू, वाचलंत ना? फोटो अंधारातच बघायचे असतात.

पाटील काकू: मी अंधारातच बघत होते. उजेड तुमचा होता.

महाजन सर: अजिंठ्याचे जुने फोटो काढणारा मेजर गिल तर आपल्या भुसावळलाच पुरलाय. १८७९. त्याने केलेल्या चित्रांच्या नकला तिकडे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या.

आबा (ए-१): आनि गिलची पारो?

महाजन सर: पारोचं नंतर सांगतो, ग्रुपवर मुलं आहेत.

पाटील काकू: विषय पारोवर नेऊ नका. माझी माफी कोण मागणार ते सांगा.

सेक्रेटरी: बसचे २२० रुपये. अजून ६ जण. नावं टाकायला लावू नका.

निखिल: टाका ना काका, मजा येईल.

सेक्रेटरी: पहिलं तुझंच आहे.

कोल्हे वहिनी: 😂😂 आणि गाडी?

निखिल: काढतो वहिनी.

चौधरी अप्पा: मी गुरुवारी सकाळच्या एसटीने परत जातोय. तो तलाव नीट बघायचा राहिला.

महाजन सर: किती वाजता निघताय?

चौधरी अप्पा: साडेसहा. डबा घरून आणा.