सोसायटीला गार्ड कसा हवा: अंगाने दणकट की नजरेने पक्का?

मनीषनगरकर
आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव येतोय की आत्ताचे गार्ड काढा आणि यापुढे फक्त चाळिशीच्या आतले माजी सैनिक ठेवा. कारण, मागच्या महिन्यात पार्किंगमधून दोन सायकली चोरीला गेल्या.

माझा ठरावाला विरोध आहे. सायकली गेल्या त्या दुपारी गार्ड जागेवर होता, जागाही होता. टेम्पोवाला म्हणाला, 'बी विंगमधलं जुनं सामान न्यायचं आहे.' गार्डने वर फोन लावला, कोणी उचलला नाही. मागे दोन कार हॉर्न वाजवत उभ्या राहिल्या, तेव्हा त्याने गेट उघडलं. तिथे दंडातल्या ताकदीचा काय उपयोग होता? 'फोन लागेपर्यंत गाडी बाजूला घ्या' एवढं आवाज न चढवता म्हणायचा आणि त्यावर टिकून राहायचा ठामपणा हवा होता. गार्ड निवडताना मी आधी हेच पाहीन.

दुसरं म्हणजे नोंद. आमचं रजिस्टर मी चाळलं. पानंच्या पानं नुसतं 'डिलिव्हरी' लिहिलंय. गाडीचा नंबर क्वचित, बाहेर पडल्याची वेळ कुठेच नाही. जावकची वेळच नसेल तर सीसीटीव्हीचं फुटेज नेमकं कुठून पाहायचं?

कामठीचा फौजी
मी स्वतः फौजेतून निवृत्त आहे, आणि ठरावाच्या बाजूने आहे. तुमचं उदाहरण दुपारचं. रात्री दोनला पिऊन आलेली चार पोरं गेट हलवतात, तेव्हा समोर कोण उभं आहे ते पाहूनच निम्मा प्रश्न सुटतो. आणि आग लागली, लिफ्ट बंद पडली, तर चौथ्या मजल्यावरच्या आजीला उचलून खाली कोण आणणार?

शरीराची अट मी मनाने काढलेली नाही. खासगी सुरक्षा एजन्सीचा 2005 चा कायदा आहे. त्याच्या नमुना नियमांत पुरुष गार्डची उंची किमान 160 सेंटिमीटर, छाती 80 आणि फुगवून 4 जास्त, असं मोजून दिलंय. नवख्याला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण. माजी सैनिकाला मात्र 40 आणि 16. म्हणजे फौजेतली शिस्त कायद्यानेही मोजलीच ना? गोड बोलायला महिनाभरात शिकवता येतं. शिस्त अंगात मुरायला वर्षं जातात.

हिंगणा एमआयडीसी गेट
फौजी साहेब, तुमचा मान ठेवून सांगतो, मी कंपनीच्या गेटवर सुपरवायझर आहे आणि माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे भरलेला ट्रक निघतो तेव्हा गार्ड चलनावरचा सील नंबर दाराच्या सीलशी एकेक आकडा जुळवतो. वजनकाट्याची पावती पाहतो. ड्रायव्हरच्या सीटमागची जागा, टूल बॉक्स, ताडपत्रीची घडी, सगळं हाताने चाचपतो. रात्रीचा चौदावा ट्रक असला तरी तितक्याच सावकाश. माल असा पकडला जातो. मागे धावून पकडल्याचं माझ्या नोकरीत फार कमी पाहिलं.

अंगात जोर असलेल्या गार्डला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: तू पोलिस नाहीस. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 40 सामान्य माणसाला देतं तेवढाच अधिकार तुला आहे. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर धरता येतं, पण विनाकारण उशीर न करता, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करायचं. केबिनमध्ये कोंडून दोन ठेवून दिल्या की गुन्हा गार्डवर दाखल होतो. 112 लावून माणसावर नजर ठेवणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

वैदर्भी
तुम्ही सगळे गार्डचे गुण मोजून राहिले, पण त्याला ठेवता कसं ते कोणीच बोलून नाही राहिलं. बारा तासांची ड्यूटी. रिलिव्हर आला नाही की डबल. मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर, आणि केबिनला वर पत्रा. आमच्या समोरच्या बिल्डिंगच्या गार्डला संडाससाठी चौकातल्या पेट्रोल पंपावर जावं लागतं, म्हणून तो दुपारी पाणीच पीत नाही. अशा माणसाकडून दहाव्या तासाला चौकसपणा कुठून येईल?

आणि ठामपणा म्हणता? गार्डने एखाद्या सभासदाच्या पाहुण्याला पाच मिनिटं थांबवलं की रात्री ग्रुपवर 'गार्ड उद्धट आहे'. दोनदा तसं झालं की तो गेट उघडंच ठेवणार. तो गुण तुम्हीच मारला बाप्पा!

फौजी काका, फौजेत पहाऱ्यावरचे संत्री तरी दर दोन-दोन तासांनी बदलतात नं?

कामठीचा फौजी
बदलतात. आणि म्हणून दोन बाराच्या जागी तीन आठच्या पाळ्या करा, हे मी आमच्या सोसायटीत मांडलं आहे. खर्च वाढेल, वाढू द्या. पण आठ तासांच्या पाळीतही उभा राहणारा तरुणच लागतो. साठीच्या माणसाला रात्रपाळी देणं हा त्याच्यावरही अन्याय आहे.

धरमपेठेतून
असहमत. आमच्याकडचे काका साठीच्या जवळ आले आहेत. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजोबांच्या दाराला दुधाची पिशवी नऊपर्यंत तशीच लटकलेली त्यांना राऊंडवर दिसली. त्यांनी लगेच सेक्रेटरीला बोलावलं. आजोबा बाथरूममध्ये पडले होते, वेळेवर दवाखान्यात नेता आलं. रोज पिशवी किती वाजता आत जाते हे माहीत असलेल्यालाच ती खटकणार. तुमचा ठराव असा माणूस एका फटक्यात घालवतो.

हिंगणा एमआयडीसी गेट
काकांचं काम मोलाचं आहे. पण तोच माणूस त्याच पॉइंटवर वर्षानुवर्षं ठेवणं मला पटत नाही. ओळखी वाढल्या की तपासणी आपोआप सैल पडते. आम्ही ठराविक महिन्यांनी पॉइंट बदलतोच.

धरमपेठेतून
कारखान्यात बदला. ट्रकला घर नसतं. जिथे म्हातारी माणसं एकटी राहतात तिथे ओळख हीच सुरक्षा आहे.

मनीषनगरकर
सभेत मी दुरुस्ती मांडणार आहे. वयाची आणि फौजेची अट काढावी. एजन्सी कोणतीही असो, तिचा परवाना, प्रत्येक गार्डचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि पोलिस पडताळणी आधी पाहावी. आठ तासांच्या तीन पाळ्या, केबिनला कूलर, आणि क्लब हाऊसचा संडास गार्डला खुला. फोन उचलला गेला नाही तर सामानाची गाडी आत जाणार नाही, मग ती अध्यक्षांकडची असली तरी, आणि त्यावरून गार्डविरुद्ध तक्रार घेतली जाणार नाही. ही शेवटची ओळ मला इतिवृत्तात लिहून हवी आहे.

कामठीचा फौजी
पाळ्यांना, कूलरला आणि शेवटच्या ओळीला माझा पाठिंबा. वयाची अट काढायला नाही. रात्रपाळीपुरती तरी ती ठेवा.